सात सीटच्या गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांना खुलं पत्र

नमस्कार,

हे पत्र कुठल्या एका कंपनीला नाहीये. भारतात सहा-सात सीटच्या गाड्या बनवून विकणाऱ्या तुम्हा सगळ्यांना आहे, आणि त्यातही खास करून त्या माणसांना जी गाडीच्या आतलं ठरवतात, म्हणजे सीट जमिनीपासून किती उंच, दार किती उघडणार, मागे सामानाला किती जागा सोडायची वगैरे. शोरूममधल्या मुलांवर माझा अजिबात राग नाही, ती बिचारी दिवसभर टाय लावून उभी असतात आणि ज्याचं उत्तर त्यांच्या हातातच नाही ते आम्ही त्यांना विचारत बसतो.

आम्ही चिंचवडला राहतो, घरात सहा माणसं. मी, नवरा, आई म्हणजे माझ्या सासूबाई (वय ७१, दोन्ही गुडघे बदललेले), अण्णा म्हणजे सासरे ७६ वर्षांचे, लेक तेरा वर्षांची आणि धाकटा पाच वर्षांचा. गाव गुहागर तालुक्यात. गणपती, शिमगा आणि मे महिना असं वर्षातून तीनदा तरी जाणं होतंच, शिवाय कुणाचं लग्न, कुणाचं बारावं, ते वेगळं. सध्याची गाडी २०१३ची हॅचबॅक आहे, तिने आम्हाला कधीच दगा दिला नाही, पण ती पाच जणांची आहे आणि आम्ही सहा आहोत. धाकटा कडेवर होता तोवर मांडीवर घेऊन भागवलं, ते चूक होतं हे आज कळतं. आता गणपतीत अण्णा आणि लेक वल्लभनगरच्या स्टँडवरून एसटीने जातात आणि बाकीचे आम्ही गाडीने. गेल्या वर्षी एसटीला इतकी गर्दी होती की अण्णा साताऱ्यापर्यंत उभ्याने गेले आणि घरी पोचल्यावर ते काहीच बोलले नाहीत, नुसते ओटीवर पाय चोळत बसले, आणि मला लेकीने रात्री सांगितलं. त्या रात्री ठरलं की सगळे एकत्र जातील अशी गाडी घ्यायची. ऑन रोड चौदा लाख, ताणून पंधरा.

त्याला आता पाच महिने झाले. गाडी अजून घेतलेली नाही. पैसे तयार आहेत, कर्ज मंजूर आहे, मोजपट्टी घेऊन अकरा शोरूम फिरून झालेत, वहीत सगळं लिहून ठेवलंय, आणि तरीही दर वेळी घरी येताना असं वाटतं की कुणाला तरी एकाला सांगावं लागणार आहे, बाबा तू जरा ॲडजस्ट कर. तडजोड करायला आमची ना नाही, मध्यमवर्गीय माणूस आयुष्यभर तेच करत आलाय. माझं दुखणं एवढंच आहे की तडजोड प्रत्येक वेळी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या नाहीतर सगळ्यात लहान माणसाच्या वाट्याला येते.

एक प्रसंग सांगते. एका शोरूमला (नाव सांगत नाही, कारण हे बहुतेक ठिकाणी सारखंच झालं) आईंना मुद्दाम घेऊन गेलो होतो. आईंची उंची चार फूट दहा इंच. गाडी दिसायला छान, रुबाबदार, उंच. मधल्या रांगेचं दार उघडलं, आईंनी काठी माझ्याकडे दिली, एक पाय दाराच्या पट्टीवर ठेवला आणि आता वर जायला हात कुठे धरायचा हे शोधायला लागल्या. छताला हँडल होतं पण त्यांचा हात तिथे पोचत नव्हता, आणि दोन दारांच्या मधल्या खांबाला धरायला काहीच नव्हतं. मग त्यांनी सीटबेल्टचा पट्टाच धरला. तो अर्थातच सरसर बाहेर आला आणि त्या मागे झुकल्या. नवरा मागेच उभा होता म्हणून ठीक. सेल्सचा मुलगा घाबरून म्हणाला, मॅडम, आपण साइड स्टेप लावून देऊ, ॲक्सेसरीजमध्ये मिळते. आई खाली उतरल्या, पदर सारखा केला आणि मला हळूच म्हणाल्या, "तुम्ही घ्या गं तुम्हाला आवडेल ती, मी काय, किती दिवस बसणार आहे." हे वाक्य मी ऐकून घेतलं नाही आणि तुम्हीही घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

खांबाला एक हँडल. किती रुपयांचं असेल? अण्णांनी भोसरीत एका प्रेस शॉपमध्ये एकतीस वर्षं काढली, गाड्यांचेच पार्ट दाबले, ते म्हणाले फार तर काहीशे रुपये, आणि तेही किरकोळीत. पडदा आपोआप उघडणारं छत, रंग बदलणारे दिवे, गार हवेची सीट हे सगळं वरच्या मॉडेलला आहे आणि खांबाला धरायला दांडी मी बघितलेल्या कुठल्याच मॉडेलला नाही.

बरं, खाली असलेली गाडी घ्यावी तर सेडानला सहा जण बसत नाहीत, आणि गुडघे बदललेल्या माणसाला सेडानमधून उठणं म्हणजे विहिरीतून वर येण्यासारखं आहे. सीट साधारण कमरेच्या उंचीला हवी, की मागे टेकलं आणि पाय आत घेतले, झालं. एमपीव्ही म्हणतात त्या, म्हणजे लांबट पण फार उंच नसलेल्या घरगुती गाड्या इथे सगळ्यात बऱ्या, हे माझ्या वहीत तीन ठिकाणी लिहिलंय. अर्टिगा, कॅरेन्स, ट्रायबर या गाड्यांत आई त्यातल्या त्यात सहज चढल्या. पण मग तिसऱ्या रांगेत कोण?

तिसरी रांग. सगळी गोष्ट इथे येऊन अडते म्हणून इथे जरा जास्त लिहिते. सहा माणसं म्हणजे पुढे दोघं, मध्ये आई, अण्णा आणि धाकट्याची चाइल्ड सीट, आणि मागे लेक एकटी. कागदावर बसतंय. आता प्रत्यक्षात बघा. धाकट्याची सीट आयसोफिक्सला (मुलांची सीट अडकवायला गाडीतच असलेले हुक) अडकवली की ती मधली सीट दुमडत नाही, म्हणजे त्या बाजूने मागे जायची वाट बंद. दुसऱ्या बाजूला आई बसणार, त्या एकदा बसल्या की उठवायचं नाही. म्हणून लेकीने आधी मागे जायचं, मग आईंनी बसायचं, आणि वाटेत लेकीला बाथरूमला जायचं झालं की आधी आईंना उतरवायचं, सीट पाडायची, मग ती बाहेर. हायवेच्या कडेला, पावसात. पोरगी तेरा वर्षांची आहे, तिला कधीकधी जायला लागतं, आणि ती आजीला त्रास नको म्हणून पाणीच पीत नाही प्रवासात. हे मी भावाच्या गाडीतून गेलो तेव्हा बघितलंय, मनाचं सांगत नाही. सहा सीटच्या व्हर्जनमध्ये मधे दोन वेगळ्या खुर्च्या असतात, त्यांच्यामधून मागे जाता येतं, पण मग मध्ये दोघंच बसणार, म्हणजे आई-अण्णांपैकी एक किंवा धाकटा तिसऱ्या रांगेत गेला. धाकट्याची सीट मागे लावावी तर मी बघितलेल्या बऱ्याच गाड्यांत मागे आयसोफिक्सच नव्हतं.

प्रत्येक शोरूममध्ये एक वाक्य ऐकलं, मॅडम, तिसरी रो मुलांसाठीच असते. मला एक सांगा, मागून ट्रकने धडक दिली तर सगळ्यात आधी काय येतं? तिसऱ्या रांगेतल्या पोराच्या डोक्यामागे मी मोजपट्टी लावली, काही गाड्यांत मागची काच वीतभरही लांब नाही. भारत एनकॅप, म्हणजे गाड्या धडकवून सुरक्षेचे तारे देणारी आपली चाचणी, २२ ऑगस्ट २०२३ला जाहीर झालं आणि त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून सुरू झालं तेव्हा आम्हाला खरंच आनंद झाला होता, आपल्याकडच्या गाड्या आपल्याकडे तपासणार, आणि मोठ्यांचे तारे वेगळे, मुलांचे तारे वेगळे. त्यानंतर गाड्या सुधारल्याही, ते मान्य करायलाच हवं. पण टेस्ट समजून घेतली तेव्हा कळलं की पुढून ताशी ६४ किलोमीटरने धडक, बाजूने धडक, खांबाला धडक हे आहे, मुलांचे पुतळे दीड आणि तीन वर्षांच्या मुलांचे आणि ते दुसऱ्या रांगेत, आणि मागून धडक त्यात नाहीच. म्हणजे जिथे माझी लेक बसणार त्या सीटबद्दल ते पाच तारे मला काहीच सांगत नाहीत. तुम्ही तुमच्या कारखान्यात मागून धडक देऊन बघतच असाल, इंजिनियर लोक ते केल्याशिवाय राहत नाहीत. मग तो निकाल आम्हाला दाखवा ना. चांगला असेल तर तुमचीच गाडी खपेल.

पट्ट्यांचं पण सांगते. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्रींचा अपघात झाला, मागे बसलेल्यांनी पट्टा लावला नव्हता हे बाहेर आलं, आणि आमच्या घरात त्या आठवड्यापासून मागचे पट्टे सुरू झाले. पट्टा लावायला आता आई-अण्णा कुरकुर करत नाहीत. पण मधल्या रांगेत तिघं बसले की पट्ट्याचं कुलूप सीटच्या फटीत जातं, तिथे दोन माणसांच्या कमरेखाली हात घालून ते शोधायचं, आईंचे हात संधिवाताने आखडलेले, त्यांचा पट्टा दर वेळी लेक लावून देते. कुलूप चार बोटं वर आणि ताठ उभं राहील असं करायला काय लागतं? आमच्या जुन्या गाडीत मधल्या माणसाला नुसता कमरेचा पट्टा आहे, विमानासारखा, तिथे आम्ही शक्यतो कुणाला बसवतच नाही. सहा एअरबॅगचंही तसंच, सक्तीचा मसुदा जानेवारी २०२२ला निघाला, मग तारीख पुढे गेली, २०२३ मध्ये सांगितलं सक्ती नाही, आणि तरी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी स्वतःहून बेस मॉडेलपासून सहा द्यायला सुरुवात केली. त्याबद्दल खरंच आभार. म्हणजे मनावर घेतलं की तुम्हाला जमतं.

आता सामान. गणपतीला जाताना कपडे, मखराचे भाग, समई, आईंची कमोडची खुर्ची (गावच्या घरी अजून इंडियनच आहे), आणि मे महिन्यात येताना आंब्याच्या पेट्या, तांदळाचं पोतं, नारळ, कोकमाची बरणी, शेजाऱ्यांनी बळेच दिलेला फणस. कोकणातून रिकामं कुणी येतं का? आणि सातही सीट लावल्यावर डिकी किती, तर ट्रायबरला ८४ लिटर, अर्टिगाला २०९, कॅरेन्सला २१६. केबिन बॅग साधारण चाळीस लिटरची धरली तर ८४ म्हणजे दोन बॅगा. ट्रायबरला मी दोष देत नाही हं, चार मीटरच्या आत सात माणसं बसवून तिसरी रांग उचलून घरी ठेवता येते ही मोठी हुशारी आहे, आणि मला ती गाडी मनापासून आवडली. पण एक लिटरच्या इंजिनने सहा माणसं आणि फणस घेऊन कुंभार्ली घाट चढायचा हा विचार केला की पोटात गोळा येतो. जाहिरातीत मात्र मोठ्या अक्षरात तिसरी रांग पाडल्यानंतरचा आकडा असतो, पाचशे-सहाशे लिटर. तिसरी रांग पाडली तर आमची लेक कुठे बसणार?

कॅरिअर लावा म्हणतात. लावू. पण गणपतीच्या दिवसात कोयनानगर ते हेळवाक पाऊस कसा असतो ते तिकडून गेलेल्याला विचारा, ताडपत्रीची दोरी सोडून परत बांधायला नवरा दोनदा भिजतो.

सीएनजीचा पर्याय सगळे सुचवतात, कारण खर्च. भावाची गाडी सीएनजी आहे, खिशाला खरंच परवडते, त्याचं काही म्हणणं नाही. पण साठ लिटरची टाकी तिसऱ्या रांगेच्या मागे बसवली की डिकी संपलीच, मी पाहिलेल्या सगळ्या सात सीटच्या सीएनजी गाड्यांत टाकी तिथेच होती. आणि भरतानाचं कुणी सांगत नाही. गेल्या शिमग्याला त्याच्या गाडीने येताना रात्री सव्वाअकराला सातारा रोडवर पंपाला लागलो, पुढे अकरा गाड्या. नंबर आल्यावर सगळ्यांनी उतरायचं, तो नियम आहे आणि बरोबरच आहे, २०० बारच्या दाबाने गॅस भरतात, गंमत नाही ती. आईंना उतरवलं, काठी दिली, खांबाजवळ उभं केलं, बसायला काही नाही. धाकटा माझ्या खांद्यावर झोपलेला, त्याला सीटमधून सोडवलं. लेक मागून बाहेर आली. गॅस भरायला चार मिनिटं लागली आणि सगळ्यांना परत जागेवर बसवून पट्टे लावायला अकरा. घरी येईपर्यंत आईंचा डावा गुडघा सुजला होता. म्हणून मी सीएनजीवर काट मारली, आणि काट मारताना महिन्याचे तीन हजार वाचले असते हेही माहीत होतं. २०२३ पासून छोट्या गाड्यांमध्ये दोन बारक्या टाक्या डिकीच्या तळाशी बसवून वर सामानाला जागा ठेवायला लागलेत, ते सात सीटच्या गाडीत आलं तर निदान सामानाचा प्रश्न तरी सुटेल.

डिझेल म्हणाल तर अण्णांची तीच इच्छा, घाटात ताकद, पण बीएस सिक्सचे धुराचे नियम आल्यावर एप्रिल २०२० पासून बऱ्याच कंपन्यांनी छोटी डिझेल इंजिनं बंदच केली, उरली त्यातली बहुतेक आमच्या बजेटच्या वर. हायब्रिड तर अजून वर. इलेक्ट्रिक सात सीटची आता मिळते, जीएसटी पाचच टक्के, चालवून बघितली तेव्हा आवडलीही, पण सोसायटीत चार्जरची परवानगी दीड वर्ष कमिटीत अडकलीय आणि किंमतही वर जाते. पेट्रोल उरतं. म्हणजे पेट्रोलच.

आणि इथे सरकारकडेही बघावं लागतं, पत्र तुम्हाला असलं तरी. चार मीटरच्या आतल्या छोट्या गाडीला कमी कर, ही रेघ २००६च्या बजेटमध्ये आली. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या नव्या जीएसटीतही तीच आहे, लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तर १८ टक्के, नाहीतर ४०. आधी सेस धरून मोठ्या गाड्यांना ४५-५० पर्यंत जायचं, म्हणजे कमी झालंय हे खरं. पण दोन माणसं फिरायला छोटी एसयूव्ही घेतात त्यांना १८ आणि सहा जणांच्या घराला साडेचार मीटरची साधी गाडी हवी तर ४०, जो दर कोटीच्या गाडीला तोच आम्हाला, हे मला पटत नाही. सीट आणि किंमत बघून दर ठरवा, लांबीची पट्टी कशाला. वर आपल्या राज्याचा रोड टॅक्स, दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के. तुमची संघटना दर बजेटच्या आधी दिल्लीला निवेदनं देते, त्यात एक ओळ आमच्यासाठी घाला, एकत्र कुटुंबाची गाडी ही चैनीची वस्तू धरू नका म्हणून. या रेघेमुळेच चार मीटरमध्ये सात जण कोंबायचा खेळ सुरू झाला, काही गाड्यांत तर मागे अजून आडव्या समोरासमोरच्या सीट आहेत, वडापच्या जीपसारख्या. तिथे मुलाची सीट लावताच येत नाही.

आता जे मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते, सरकतं दार. आमच्या सोसायटीत पार्किंग दोन खांबांच्या मधे आहे, मी मोजलं, दोन मीटर तीस. गाडी रुंदीला एक मीटर पंच्याहत्तरच्या आसपास, आरसे वेगळे. उरलं काय, एका बाजूला वीत-दीड वीत. दार अर्धंही उघडत नाही. गुडघा पूर्ण न वाकणाऱ्या माणसाला दार पूर्ण उघडावं लागतं, नाहीतर पाय आत जात नाही. म्हणून आईंना गेटवर उभं करायचं, गाडी बाहेर काढायची, रस्त्यात थांबवायची, मागचे हॉर्न वाजवणार, आणि त्या घाईत त्या चढणार. सरकतं दार असतं तर हा प्रश्नच नव्हता. जपानमध्ये टोयोटाची सिएंटा आहे, होंडाची फ्रीड आहे, तीन रांगा, दोन्हीकडे सरकती दारं, गाडीचा तळ इतका खाली की मूल स्वतः चढतं, आणि रुंदी आपल्या गाड्यांपेक्षा कमी, कारण तिथल्याही गल्ल्या बारीक आणि घरात म्हातारी माणसं खूप. बाहेर वळून येणारी सीट तिकडे कंपनीच लावून देते. म्हणजे हे चंद्रावरचं काही मागत नाहीये मी.

तुम्ही म्हणाल, आणून बघितलं होतं की. माहितीये. निसानची इव्हालिया २०१२ला आली होती, सरकत्या दारांची, आणि चालली नाही. आपल्याकडे सरकतं दार म्हणजे व्हॅन, शाळेची गाडी, ॲम्ब्युलन्स असं डोक्यात बसलंय, लग्नाला गेलं की लोक बघतात, हा दोष आमचा आहे आणि मी तो कबूल करते. आमच्याच घरात नवरा म्हणाला होता, व्हॅन नको गं. मग मी त्याला एकदा गेटवर आईंच्या जागी उभं केलं, त्याला सांगितलं एक गुडघा वाकवायचा नाही, आता बस गाडीत. बसला कसाबसा. त्यानंतर तो व्हॅन शब्द बोलला नाही. आणि तेव्हापासून आता बरीच वर्षं गेली, २०१२ला जे तिशीत होते त्यांचे आईबाप आज सत्तरीत आहेत, घराघरात गुडघ्याची ऑपरेशनं झालीत, ती माणसं फिरतायत, देवाला जातायत, गावाला जातायत. एकदा परत विचारून बघा. एसयूव्हीसारखा चेहरा लावा हवं तर, लोकांना तो आवडतो, दार तेवढं सरकतं ठेवा.

नवीन गाडी काढायला चार-पाच वर्षं जातात, मला कळतं, अण्णांनी डाय बनताना बघितलेत, ते सांगतात. तोवर निदान खरे आकडे द्या. ग्राउंड क्लिअरन्स रिकाम्या गाडीचा छापता, आमच्या घराकडे शेवटचा अर्धा किलोमीटर जांभ्या दगडाची चढण आहे, सहा माणसं बसल्यावर गाडी किती खाली येते ते छापा. दाराची पायरी जमिनीपासून किती मिलिमीटर, तो आकडा मला एकाही ब्रोशरमध्ये सापडला नाही, मीच मोजपट्टीने घेतला, आणि माझ्यासारखी अजून किती माणसं शोरूममध्ये उकिडवी बसून मोजत असतील. मायलेज प्रयोगशाळेतलं देता, ठीक आहे, सगळ्यांना एकच परीक्षा हवी, आम्ही वेताळ टेकडीवर फिरायला जातो तेव्हा गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्था शेजारीच असते, त्यांच्या कामाबद्दल आदरच आहे, पण शेजारी अजून एक आकडा द्या, भरलेली गाडी घाटात किती देते. त्यात ई२०मुळे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे, किती कमी होतं हेही आलं. दुसरी रांग आईंना बसता येईल इतकी मागे घेतल्यावर तिसरीत गुडघ्याला किती जागा उरते तेही सांगा, कारण शोरूममध्ये दुसरी रांग नेहमी पूर्ण पुढे सरकवून ठेवलेली असते.

आणि टेस्ट ड्राइव्ह. अकरापैकी नऊ ठिकाणी आम्हाला सांगितलं की दोघंच या, रूट तीन किलोमीटरचा आहे. एका ठिकाणी तर तिसरी रांग पाडून त्यात पाण्याच्या बाटल्यांचे खोके ठेवले होते. सात सीटची गाडी दोघांनी सरळ रस्त्यावर चालवून काय कळणार? ज्या दोन ठिकाणी सगळ्यांना बसू दिलं तिथे आम्हाला वीस मिनिटांत जे कळलं ते पाच महिन्यांत कळलं नव्हतं. एका गाडीत मागे एसीचा वारा पोचतच नाही हे लेकीने सांगितलं. दुसऱ्या गाडीत अण्णांना मान वळवल्याशिवाय बाहेरचं दिसत नाही, त्यांना गाडी लागते, त्यामुळे ती गेली. हे ब्रोशरमध्ये कसं येणार.

शिमगा मार्चमध्ये आहे, आम्हाला त्याच्या आधी निर्णय घ्यायचाय. वहीत आता दोन गाड्या उरल्यात, दोन्ही पेट्रोल, दोन्ही साडेचार मीटरच्या आसपास, एकीत आई नीट चढतात पण लेकीला मागे कोंडल्यासारखं होतं, दुसरीत लेक खूश आहे आणि आईंना माझा खांदा लागतो. तुमच्यापैकी कुणी हे वाचलं तर एक करा, आमच्या भागातल्या तुमच्या शोरूमला सांगा की रविवारी सकाळी दोन तास एक गाडी मोकळी ठेवा, तिन्ही रांगा उभ्या करून, टाकी भरून. आम्ही सहाही जण येतो, धाकट्याची सीट, आईंची काठी आणि गावाला जायच्या दोन बॅगा घेऊन, आणि कात्रजचा जुना घाट चढून परत येतो. गाडी मी चालवेन. आईंनी त्यासाठी रविवारचा उपास शनिवारी करायचं ठरवलंय.

आपली,
चिंचवडची एक ग्राहक